पितळी बुचाची खरी हकिकत

आमची नाव बुडाली नव्हती. हे वाक्य आरंभीच लिहून ठेवतो. कारण गेल्या दोन वर्षांत आमच्या नात्यातले एकही लग्न, एकही बारसे असे झाले नाही, की ज्यात पंगत उठण्यापूर्वी ती पुन्हा एकदा बुडवली गेली नाही. माझ्या मुलीचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, नावेला गळ्याइतक्या पाण्यात बुडवतात. जावई शिकलेले असल्यामुळे कमरेपाशी थांबतात. पडेगावातले आमचे शेजारी त्या दिवशी काठावर नव्हतेच. तरीही त्यांच्या कथनात अलीकडे एक मगर येऊ लागली आहे. प्रत्यक्षात नावेत साचलेले पाणी माझ्या पत्नीच्या घोट्याच्या वर चार बोटे होते. मी ते पाहिले आहे. ते पाहण्याइतका जवळ माझ्याखेरीज कोणीही नव्हता.

केवळ पाण्याच्या खोलीवरून मी इतका वाद घातला नसता. परंतु सर्वांच्या हकिकती अखेरीस एकाच ठिकाणी येऊन थांबतात: "आणि बूच कुठं सापडलं? देवघरात!" मग पंगत माझ्या पत्नीकडे पाहून हसते, आणि तीही हसते. मात्र त्या दसऱ्यानंतर गेल्या वर्षी ती नावेत बसली नाही. ती नाव मी तिच्यासाठीच घेतली होती.

तिचे माहेर गोदाकाठचे. तिकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. आमच्या दीर्घ संसारात तिने माझ्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. मागितले असेल, पण मला ऐकू गेले नसेल. मी निवृत्त झाल्यावर एकदा आम्ही बसने कायगावच्या पुलावरून जात होतो. खिडकीतून धरणाच्या फुगवट्याचे ते अफाट पाणी पाहत ती म्हणाली, "गंगेवरून एवढे गेलो-आलो, पण नेहमी पुलावरून." इतकेच. हे मात्र मला ऐकू गेले.

व्याह्यांची शेती त्या पाण्याला लागूनच आहे. आमच्या दोघांच्या घराण्यांत फार अंतर होते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कचेरीतली लेखणी, त्यांच्याकडे नांगर. मुलांनी लग्न ठरवले तेव्हा मी सहा महिने त्यांच्याशी बोललो नव्हतो. त्यानंतर आजतागायत आम्ही एकमेकांशी भांडल्याशिवाय एक आठवडा काढलेला नाही, आणि याहून घट्ट मैत्री मला आयुष्यात दुसरी लाभलेली नाही. मी नावेचा विषय काढला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "घ्या की. इहीनबाईला गंगा दाखवायची तर म्होरच्या दसऱ्याची वाट कशापायी?" आम्ही दोघांनी मिळून एक वापरलेली फायबरची नाव घेतली. इंजिन नाही, दोन वल्ही आणि मध्ये बसायला एक फळी. शेतावर तिला आडोसा नव्हता, म्हणून ती पडेगावी आमच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, तिच्या दोन चाकी ट्रॉलीवर राहते. पावसाळा सरून पाणी भरले की दसऱ्याच्या दिवशी व्याह्यांच्या जीपमागे जोडून ती वाळूजवरून कायगावकडे न्यायची आणि पाण्यात सोडायची, असा नेम पडला.

मी रेल्वेत डबे तपासणारा होतो. गाडी फलाटावर थांबली की प्रवासी चहा पीत आणि मी खाली वाकून चालत असे. चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचा, आणि आसाच्या पेटीला उलटा हात लावून ती तापली आहे का ते पाहायचे. उलटाच हात, कारण भाजला तरी पंजा कामाचा राहतो. माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की डोळा लबाड असतो, त्याला जे हवे ते तो पाहतो, हात लाव. मी जन्मभर हात लावला.

तेच मी नावेला लागू केले. एकोणीस कलमांची यादी करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेडच्या खिळ्याला अडकवली. जीपची कडी बसली का, पिन आरपार गेली का, कडी निसटलीच तर ट्रॉली धरून ठेवणारी साखळी लावली का, मागचे दिवे लागतात का, पट्टे आवळले का. आणि पाण्याकाठी पोचल्यावर पुन्हा वेगळी कलमे. व्याह्यांनी ती यादी पहिल्यांदा पाहिली तेव्हा डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"इवाई," ते म्हणाले. त्यांच्या बोलीत व्याह्याला इवाई म्हणतात. "नाव न्यायचीय का आगगाडी?"

"आगगाडी रुळावरून चालते. तुमची जीप कशावरून चालते ते मी पाहिलं आहे."

त्याच फेरीत वाळूज ओलांडल्यावर मी गाडी थांबवायला लावली आणि ट्रॉलीच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध उलटा हात लावला. उजवे चाक कोमट होते, डावे चटका देणारे. बेअरिंगमधले ग्रीस संपले होते. आणखी दहा मैल गेलो असतो तर चाक आमच्या पुढे निघून गेले असते. व्याह्यांनी स्वतःचा हात लावून पाहिला, तो झटकला, आणि त्या दिवसापासून यादीला नावे ठेवणे बंद केले. नावे ठेवण्याचा त्यांचा विषय बदलला, एवढेच. कारण काठावर पोचल्यावर मी ट्रॉली लगेच पाण्यात जाऊ देत नाही. प्रवासाने तापलेले चाक थंड पाण्यात बुडाले की आत पाणी ओढून घेते आणि बेअरिंग गंजते. म्हणून अर्धा तास थांबायचे. व्याही बाभळीखाली बसून ऐकवत राहतात, "पाणी म्होरं, नाव मागं, अन् आपुन चाक निवायची वाट बघतोय. चहा बी एवढा निवू देत नाय कुणी."

आता बुचाकडे येतो. नावेच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, बोटाएवढे एक भोक असते. नाव बाहेर असताना आत साचलेले पाणी त्यातून सोडून द्यायचे आणि पाण्यात उतरवण्यापूर्वी तिथे बूच बसवायचे. मूळचे रबरी बूच चिरले होते. मी चिकलठाण्यातल्या एका लेथवाल्याकडे दोन दिवस बसून आटे असलेले पितळी बूच कातून घेतले. आलेल्या पाहुण्यांना मी ते दाखवत असे. मुलगी म्हणे, "बाबा, माझं प्रगतिपुस्तक तुम्ही कधी असं कुणाला दाखवलं नाही." तिचे प्रगतिपुस्तक इतके काटेकोर नव्हते.

त्या वर्षी अष्टमीला मी बूच स्वतःच्या हाताने बसवले आणि पान्याने आवळले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे सर्व हत्यारे देवासमोर मांडून त्यांची पूजा होते आणि दिवसभर त्यांना कामाला लावत नाहीत. माझी जुनी हातोडी, पाने, पकड, सारे पाटावर मांडलेले असते. पत्नीने सकाळी नावही धुतली. धुतल्याचे पाणी तळाशी साचले, म्हणून माझे पाहून पाहून शिकल्याप्रमाणे तिने बूच काढून ते सोडून दिले. बूच काळवंडलेले दिसले. मला त्याचे किती कौतुक, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तिने ते चिंच-मीठ लावून सोन्यासारखे घासले आणि हातोडीशेजारी मांडले. वर झेंडूची फुले वाहिली.

दसऱ्याच्या सकाळी तिने स्वयंपाकघरातून मला हाक मारून सांगितले, "अहो, तुमचं सगळं देवासमोर आहे, आठवणीनं उचला हं." हे मी शपथेवर सांगू शकतो. मी हातोडी उचलली, पाने उचलले, पकड उचलली. फुलांखाली काय आहे हे पाहिले नाही; कारण माझ्या मते बूच नावेलाच होते.

तेव्हा "काकूंनी बूच लपवून ठेवलं" ही जी जावयांच्या मित्रांत प्रसृत झालेली आवृत्ती आहे, ती साफ खोटी आहे. तिने सांगितले होते. तसेच "यादीत बूच नव्हतंच" असे जावई म्हणतात, तेही खोटे. सतरावे कलम: बूच, हात लावून. यादी अजून खिळ्याला आहे, कोणीही येऊन पाहावी. आमच्या विहीणबाई म्हणतात की यात कुणाचीच चूक नव्हती, गंगेला माझ्या पत्नीचे पाय धुवायचे होते. ही आवृत्ती खोटी ठरवण्याचे साधन माझ्याजवळ नाही, म्हणून ती सोडून देतो.

काठावर चाके निवली. जीप मागे घेऊन ट्रॉली पाण्यात गेली, नाव तरंगली. काठालगत उथळ पाण्यात ती आणून पत्नीला आत बसवले. दसऱ्याची नवी साडी आणि तिच्यावर नारिंगी जॅकेट. पट्टे मी स्वतः आवळले होते. दोर व्याह्यांच्या हातात होता. मी गुडघाभर पाण्यात नावेची कड धरून उभा होतो. मग विहीणबाईंनी ओवाळले, नारळ फुटला, मुलीने फोटो काढले, फोटो नीट आले नाहीत म्हणून पुन्हा काढले.

"अहो," पत्नी म्हणाली, "माझे पाय ओले होतायत."

"वल्ह्यांवरून निथळलेलं पाणी असेल."

"वल्ही तर अजून काठावर आहेत."

मी आत पाहिले. मग मागे जाऊन पाण्यात हात घातला. भोक होते, बूच नव्हते. मी त्यात अंगठा घातला आणि छाती पाण्यात जाईल इतका वाकून तसाच उभा राहिलो, तोवर व्याह्यांनी दोर ओढून नाव काठाला लावली. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. माझ्या नव्या कपड्यांसह तो अंगठा घातलेला फोटो मात्र मुलीने अचूक काढला. तो नीट आला आहे. पत्नी त्या वेळी मनापासून हसत होती. ओल्या पायांनी उतरून ती म्हणाली, "एवढ्या वर्षांनी गंगेत पाय तरी बुडले."

परंतु घरी येऊन तिने देवघरात फुले उचलली. बूच तिथे लखलखत होते. ते हातात घेऊन ती बाहेर आली आणि माझ्यासमोर ठेवून आत निघून गेली.

गेल्या वर्षी खंडेनवमीला पाट रिकामा होता. "हत्यारं नाही मांडलीस?" मी विचारले. "नको," ती म्हणाली, "माझ्या हातून काहीतरी राहून जातं. तुमचं तुम्ही बघा." दसऱ्याला ती शेतावर आली, पण काठावर आली नाही. विहीणबाईंबरोबर पुरण वाटत बसली. नाव उतरवली, तरंगली, एक थेंब आत आला नाही. मधली फळी मोकळी होती. मी आणि व्याही एक चक्कर मारून परतलो. त्या चकरेत आम्ही भांडलोसुद्धा नाही.

तेव्हापासून मी अधिक त्वेषाने वाद घालू लागलो. कोणी ती गोष्ट काढली की मी जेवण थांबवून दुरुस्ती करत असे: चार बोटे पाणी, सतरावे कलम, तिने हाक मारून सांगितले होते. लोक अधिकच हसत. यंदा एका साखरपुड्यात व्याह्यांनी पुन्हा नाव गळ्याइतकी बुडवली. मी उठून त्यांना सर्वांसमोर लबाड म्हणालो. नंतर हात धुताना माझ्याशेजारी उभे राहून, पाण्याकडे पाहत, हलक्या आवाजात म्हणाले, "इवाई, एक गोष्ट म्या आजवर कुणालाच सांगितली नाय."

"कुठली?"

"त्या दिवशी जीप मागं घ्यायच्या आधी म्या म्हणलो व्हतो, मागं वाकून बुचाला हात लावतो."

पाणी चालूच राहिले. मला ते आठवत होते. दोन वर्षे एक दिवसही मी ते विसरलो नव्हतो. यादी वाचता वाचता मी सतराव्या कलमाशी आलो होतो. काठावर चिखल होता, अंगावर नवे कपडे होते, आणि बुचाला हात लावायचा तर गुडघा टेकावा लागतो. व्याही म्हणाले, मी वाकतो. आणि मी म्हणालो, "परवा मी स्वतः बसवलं आहे. माझ्या हातावर विश्वास नाही का?" मग मी त्या कलमावर खूण केली. जन्मभर हात लावणाऱ्या माणसाने त्या दिवशी खूण केली आणि हात लावला नाही.

"मग सांगितलं का नाहीत?" मी विचारले. "बाकी तर मगरीपर्यंत मजल गेली आहे तुमची."

"मगर माझी नाय, ती तुमच्या शेजाऱ्याची. अन् सांगून काय करू? ते सांगितलं तर हसं तुमचं हुईल. आता निस्तं नावेचं व्हतंय."

ज्या आवृत्तीशी मी दोन वर्षे भांडत होतो, ती माझी लाज झाकण्यासाठी रचलेली होती. मी म्हणालो, "नावेचं नाही, व्याही. हिचं होतंय."

त्यांनी नळ बंद केला. "व्हय," ते म्हणाले. "ते माझ्या ध्यानात नाय आलं."

यंदा खंडेनवमीला मी स्वतः बूच काढून पत्नीपुढे ठेवले, वाटीत चिंच भिजवून शेजारी ठेवली, आणि बाहेर निघून गेलो. संध्याकाळी पाटावर हातोडी होती, पाने होते आणि बूच होते; पण बुचावर एकही फूल वाहिलेले नव्हते, लांबूनही दिसेल असे ते मोकळे ठेवलेले होते. दसऱ्याला मी ते तिच्या पर्समध्ये टाकले आणि सांगितले, "काठावर यावं लागेल. माझा चष्मा सापडत नाही, यादी कोण वाचणार?"

तिने माझ्या खिशाकडे पाहिले. चष्म्याची काडी बाहेर डोकावत होती. "बरं," ती म्हणाली.

चाके निवेपर्यंत आम्ही बाभळीखाली बसलो. मग ती एकेक कलम वाचत गेली आणि मी एकेकाला हात लावत गेलो. जावई, मुलगी, विहीणबाई, सगळे उभे होते. "सतरा," ती म्हणाली, आणि थांबली. "बूच. हात लावून."

"थांब," मी म्हणालो. "सगळ्यांनी ऐका. दोन वर्षांपूर्वी या कलमावर मी हात न लावता खूण केली. व्याही वाकायला तयार होते, मी त्यांना वाकू दिलं नाही. हिनं बूच काढलं, घासलं, आणि मला उचलायला सांगितलं. तपासायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही."

कोणी हसले नाही. मला वाटते, ते हसले असते तर सोपे गेले असते. मग व्याहीच बोलले, "मग दोन वरीस आमच्याशी भांडलात कशापायी?"

"पाण्याच्या खोलीबद्दल. ती चारच बोटं होती."

पत्नीने यादीवरून नजर न काढता म्हटले, "मला ऐकू आलं होतं तेव्हा. मी जीपपाशीच ताट घेऊन उभी होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलता, ते बघत होते." तिने पर्समधून बूच काढून माझ्या हातात दिले. "सतरा. हात लावून."

मी चिखलात गुडघा टेकला, बूच बसवले, आवळले आणि उलट्या हाताने चाचपले. मग बाजूला सरकून म्हणालो, "व्याही, आता तुम्ही. माझ्या हातावर विश्वास ठेवू नका." त्यांचा गुडघा माझ्याहून वाईट आहे. ते कण्हत खाली बसले, बूच पिळून पाहिले, आणि त्यांना उठवायला जावयांना यावे लागले. त्या दिवसापासून सतराव्या कलमापुढे दोन खुणांची जागा आहे.

नाव तरंगली. पत्नीने चपला काठावर काढल्या, यादी विहीणबाईंच्या हाती दिली आणि आत जाऊन मधल्या फळीवर बसली. तिने दोन्ही तळवे नावेच्या तळाला टेकवले आणि बराच वेळ तसेच ठेवले. विहीणबाईंनी ओवाळले, नारळ फुटला, फोटो झाले. मग ती म्हणाली, "कोरडं आहे. चला." मी वल्ही घेतली.

आता या दसऱ्याचीही हकिकत नात्यात फिरू लागली आहे, आणि व्याही ती नेहमीप्रमाणे वाढवून सांगतात. त्यांच्या म्हणण्यानुसार मी चिखलात दोन्ही गुडघे टेकले. हे असत्य आहे; मी एकच टेकला होता, उजवा. पत्नी म्हणते, दोन्ही. तिच्याशी या बाबतीत मी वाद घालत नाही.